‘ओन्ली टू’ म्हणजे ‘बघतो तर काय’

रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते, पान सोडायला जेमतेम पाऊण तास होता आणि डेस्कवर मी नवी होते. एजन्सीची परदेशातली बातमी आली. डोंगरात दरड कोसळलेली, मदत पथक रात्रभर चालून एका गावात पोहोचलेलं. इंग्रजी वाक्य अगदी साधं होतं: ‘द रेस्क्यूअर्स रीच्ड द व्हिलेज ओन्ली टू फाइंड इट एम्प्टी.’ मी टाइप केलं, ‘बचाव पथक फक्त ते गाव रिकामे शोधण्यासाठी पोहोचले.’ खटकलं मला, नाही असं नाही. पण ओन्लीला फक्त होतं, टू फाइंडला शोधण्यासाठी होतं, एम्प्टीला रिकामे होतं. शब्दाला शब्द मिळाला की नवशिक्याचा हिशेब जुळतो.

आमच्या मुख्य उपसंपादकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “अगं, रिकामं गाव शोधायला कोण रात्रभर चालत जाईल?” मग माझ्या वाक्यावर काट मारून त्यांनी वर लिहिलं, ‘पथक गावात पोहोचले, बघतात तर गाव रिकामे.’

तेव्हापासून ही चूक मी इतक्या जणांच्या हातून होताना पाहिली आहे की एकदा नीट बसून लिहावंसं वाटलं. शाळेत आपल्याकडून ‘नॉट ओन्ली… बट ऑल्सो’ घोटून घेतात, ‘टू… टू’ काढून ‘सो… दॅट’ घालायला लावतात, त्यावर मार्कही मिळतात. पण क्रियापदाच्या टूआधी एकटं बसलेलं हे ओन्ली कुणी शिकवत नाही, आणि इंग्रजी बातम्यांत, कथांत, क्रिकेटच्या वर्णनात ते जागोजागी भेटतं. नुकतंच इंग्रजी वाचू लागलेल्यांसाठी आणि अनुवादाला हात घालणाऱ्यांसाठी हे आहे.

एक सूचना आधीच. इथे इंग्रजी वाक्यं मी देवनागरीत लिहिते आहे, म्हणजे ती कानाने वाचता येतील. तुमच्या वहीत मात्र ती रोमन लिपीतच उतरवा. कारण पुढच्याच ओळीत कळेल.

पायरी पहिली: हा टू कोणता?

देवनागरीत टू एकच दिसतो, इंग्रजीत ते तीन आहेत. एक ‘दोन’ या अर्थाचा: ‘ओन्ली टू सीट्स आर लेफ्ट’, दोनच जागा उरल्यात. दुसरा डबल ओवाला, ‘फार’ या अर्थाचा: ‘आय विल बी ओन्ली टू ग्लॅड टू हेल्प.’ यात ओन्ली आहे म्हणून ‘फक्त’ शोधू नका. ‘अगदी आनंदानं मदत करीन’ इतकाच त्याचा अर्थ. तिसरा एका ओचा, आणि आपलं काम त्याच्याशी.

त्यातही दोन प्रकार. पुढे नाव किंवा सर्वनाम आलं, तर तो टू आपल्या ‘ला’सारखा असतो: ‘शी टोल्ड इट ओन्ली टू हर मदर’, तिनं ते फक्त आईला सांगितलं. इथे काहीच गुंतागुंत नाही, पुढे चला. पुढे क्रियापद आलं आणि तेही बिनप्रत्ययाचं, म्हणजे गो, फाइंड, सी, लूज, डाय असं उघडंबोडकं, की थांबायचं. खरी गंमत इथेच आहे.

पायरी दुसरी: कर्त्याला ते हवं होतं का?

सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. शब्दाचा अर्थ शोधण्याआधी हा प्रश्न विचारा. ओन्ली टूच्या पुढे जे घडतं, ते घडावं म्हणून कर्त्यानं पहिली गोष्ट केली का?

‘आय केम ओन्ली टू सी यू.’ भेटणं मला हवं होतं का? होतं. त्याचसाठी आले. मग बिनधास्त ‘फक्त तुला भेटायला आले’ लिहा. फक्त, केवळ, नुसतं, जे शोभेल ते.

आता हे बघा: ‘स्कॉट रीच्ड द साउथ पोल ओन्ली टू फाइंड दॅट आमुंडसेन हॅड गॉट देअर फर्स्ट.’ रॉबर्ट स्कॉट आणि त्याचे चार साथीदार १७ जानेवारी १९१२ ला दक्षिण ध्रुवावर पोहोचले. नॉर्वेचा रोआल आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ ला, म्हणजे महिनाभर आधीच, तिथे जाऊन आला होता. आपल्यामागे एक तंबू ठेवून गेला होता आणि तंबूत नॉर्वेच्या राजाच्या नावे चिठ्ठी. स्कॉटला हे हवं होतं का? आमुंडसेनचा तंबू बघायला माणूस बर्फातून शेकडो मैल स्लेज ओढत जातो का? नाही. उत्तर नाही आलं की ‘फक्त’ आणि ‘साठी’ दोन्ही हातातून खाली ठेवायचे. मराठी वाक्य असं: ‘स्कॉट दक्षिण ध्रुवावर पोहोचला, बघतो तर आमुंडसेन आधीच येऊन गेलेला.’ परतीच्या वाटेवर ते पाचही जण मेले. म्हणून वाक्यात ‘तर’नंतर जी धप्पकन पडल्याची भावना आहे ती इथे फार महत्त्वाची आहे, आणि ‘शोधण्यासाठी’ लिहिलं की नेमकी तीच जाते.

इंग्रजी असं का बोलतं, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. हेतूचं रूप वापरायचं आणि हेतू तर नाहीच! मग एकदा शेजारच्या घरातून आवाज आला, “एवढं शिकलास ते काय घरी बसायला?” आणि कोडं सुटल्यासारखं वाटलं. घरी बसायला म्हणून कुणी शिकत नाही, हे बोलणाऱ्या आईलाही माहीत आहे आणि ऐकणाऱ्या मुलालाही. तरी ती ‘बसायला’ म्हणते. ‘हेच बघायला जगले का मी?’ म्हणणारी आजी तरी दुसरं काय करते? हेतू आपला नव्हताच, पण नशिबाचा जणू तोच होता, असा टोमणा त्या ‘ला’मध्ये आहे. इंग्रजीतलं ओन्ली टू मी असंच समजून घेते. फरक इतकाच की आपण ‘काय’, ‘का’ लावून, आवाज चढवून तो टोमणा मारतो आणि इंग्रजी तो सरळ चेहऱ्यानं मारतं. चेहरा सरळ असल्यामुळेच आपण फसतो.

ओन्ली नसतानाही टू कधीकधी हेतूचा नसतो, हेही जाता जाता. ‘शी ग्रू अप टू बी अ डॉक्टर’: ती डॉक्टर होण्यासाठी मोठी झाली नाही, मोठी होऊन डॉक्टर झाली. ‘टिळक डिड नॉट लिव्ह टू सी इंडिपेंडन्स’: टिळक १९२० सालीच गेले, ‘स्वातंत्र्य पाहायला ते राहिले नाहीत.’ इथे तर आपलं ‘ला’ही इंग्रजी टूच्या मापात चपखल बसतं. तेव्हा टू दिसला की लगेच ‘साठी’ लिहिण्याची सवय मुळातूनच सोडलेली बरी.

पायरी तिसरी: शंका असेल तर या खुणा बघा

पहिली खूण हुकमी. टूच्या आधी मनातल्या मनात ‘इन ऑर्डर’ घालून बघा. ‘आय केम ओन्ली इन ऑर्डर टू सी यू’ हे जरा जड झालं, पण अर्थ शाबूत राहिला. ‘स्कॉट रीच्ड द पोल ओन्ली इन ऑर्डर टू फाइंड…’ म्हटलं की वाक्य कोलमडतं. कोलमडलं म्हणजे ते ‘बघतो तर’चं आहे.

दुसरी खूण जागेची. ‘बघतो तर’वालं ओन्ली टू नेहमी वाक्याच्या शेपटीला असतं, कारण ती घटना घडतेच नंतर. त्याच्या आधी पुष्कळदा स्वल्पविराम असतो, पण तो नसला म्हणून निकाल लावू नका. बातम्यांत तो सर्रास गाळतात.

तिसरी खूण क्रियापदाची. फाइंड, डिस्कव्हर, रिअलाइज, सी ही कळण्याची क्रियापदं दिसली, किंवा लूज, फेल, डाय ही पदरी निराशा टाकणारी दिसली, की कान टवकारायचे. तसंच ‘ओन्ली टू बी’ आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप: ओन्ली टू बी टोल्ड, ओन्ली टू बी रिजेक्टेड, ओन्ली टू बी डिफीटेड. नेपोलियन १८१५ च्या फेब्रुवारीत एल्बा बेटावरून निसटला, फ्रान्स पुन्हा ताब्यात घेतला, आणि त्याच वर्षी १८ जूनला वॉटर्लूला हरला. इंग्रजी इतिहासकार हे सगळं एका दमात सांगतो: ‘नेपोलियन एस्केप्ड फ्रॉम एल्बा ओन्ली टू बी डिफीटेड ॲट वॉटर्लू.’ हरायला म्हणून कुणी कैदेतून पळत नाही.

पायरी चौथी: मराठीत उतरवा

‘बघतो तर’ हा पहिला साचा, पण सगळीकडे तोच ठोकू नका. त्याला पाहणारे डोळे लागतात. कर्ता काहीतरी बघतोय, उघडतोय, पोहोचतोय, तिथे तो शोभतो. आणि तो कर्त्याप्रमाणे बदलतो हे विसरू नका: बघतो तर, बघते तर, बघतात तर. ‘शी ओपन्ड द टिफिन ओन्ली टू फाइंड दॅट द डाळ हॅड स्पिल्ड’: डबा उघडला, बघते तर डाळ सगळी सांडलेली. शेवटी ‘होती’ गाळून नुसतं ‘सांडलेली’ ठेवलं की वाक्याला ठसका येतो. पुष्कळदा ‘बघते’चीही गरज पडत नाही. ‘धावत स्टेशनवर गेले, तर गाडी सुटलेली.’ एकटा ‘तर’ सगळं काम करतो.

डोळे नसतील तर ‘खरं, पण’ वापरा. ‘द मराठाज टुक लाहोर इन १७५८, ओन्ली टू लूज इट द नेक्स्ट इयर.’ इथे ‘बघतात तर’ घातलं तर हसं होईल. ‘मराठ्यांनी १७५८ मध्ये लाहोर घेतलं खरं, पण दुसऱ्याच वर्षी ते हातचं गेलं.’ हा ‘खरं’ मला फार आवडतो. होकार देता देता पुढच्या नकाराची पायवाट तो आधीच आखून ठेवतो. इंग्रजी ओन्लीचं निम्मं ओझं त्याच्या खांद्यावर.

आणि ‘ओन्ली टू बी टोल्ड’? याचं ‘सांगितले जाण्यासाठी’ करणारे लोक आहेत, आणि फोनवरची भाषांतरं अधूनमधून अजूनही तेच करतात. एका सरकारी खिडकीवर मी दोन तास उभी होते, नंबर लागला आणि समोरच्यानं मान वर न करता सांगितलं की सर्व्हर बंद आहे. इंग्रजीत: ‘आय स्टूड इन द क्यू फॉर टू अवर्स ओन्ली टू बी टोल्ड दॅट द सर्व्हर वॉज डाउन.’ मराठीत: ‘दोन तास रांगेत उभी राहिले, आणि नंबर लागला तर म्हणे सर्व्हर डाउन!’ ‘म्हणे’मध्ये सांगणारा आला, त्याचा निर्विकारपणा आला आणि माझा वैतागही आला. कर्मणी प्रयोगाची सगळी यातायात वाचली.

पायरी पाचवी: स्वतः इंग्रजीत लिहा

इथे मराठी माणसाच्या हातून ठरावीक चुका होतात. पहिली, ‘ओन्ली टू फाउंड’. घटना कालची, मग भूतकाळ नको का, असं मन म्हणतं. नको. काळ आधीच्या क्रियापदानं, म्हणजे रॅन, रीच्ड, ओपन्ड यांनी सांगून झालेला असतो. टूनंतर कायम मूळ रूप.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असावा लागतो. ‘द बस केम ओन्ली टू फाइंड दॅट देअर वेअर नो सीट्स’ असं लिहिलंत तर जागा शोधणारी बस ठरेल. ‘वी गॉट ऑन द बस ओन्ली टू फाइंड दॅट देअर वेअर नो सीट्स’ हे बरोबर. मराठीत ‘बस आली, बघतो तर जागाच नाही’ हे बिनबोभाट चालतं. ‘बघतो’ म्हणणारे आपण आहोत हे सगळ्यांना कळतं. इंग्रजीला ते कळत नाही, त्याला कर्ता हातात आणून द्यावा लागतो. दुसऱ्याच कुणी घोळ घातला असेल तर ‘ओन्ली टू हॅव’ कामाला येतं: ‘आय ओपन्ड माय अम्ब्रेला ओन्ली टू हॅव द विंड टर्न इट इनसाइड आउट.’ छत्री उघडली, तर वाऱ्यानं तिचा कावळाच केला.

तिसरं म्हणजे सूर. ही रचना सहसा वाईट बातमीची आहे. पाकीट उघडलं आणि नेमणुकीचं पत्र निघालं, असं सांगताना ती वापरलीत तर वाचणाऱ्याला वाटेल की नोकरी तुम्हाला नकोच होती. आणि कार्यालयीन ईमेलमध्ये जपून. ‘आय व्हिजिटेड युअर ऑफिस ओन्ली टू बी टोल्ड…’ यात तक्रारीचं टोक आहे. टोचायचंच असेल तर खुशाल लिहा. नुसतं कळवायचं असेल तर ‘आय व्हिजिटेड युअर ऑफिस अँड वॉज टोल्ड…’ एवढं पुरे. एका पानावर एकदाच, हा माझा स्वतःपुरता नियम. दोनदा आली की कुणीतरी सतत उसासे टाकतंय असं वाटतं.

भावंडांची ओळख

जस्ट टू. हेतूच्या अर्थानं ओन्लीचा हलका भाऊ: ‘आय कॉल्ड जस्ट टू हिअर युअर व्हॉइस’, नुसता तुझा आवाज ऐकायला फोन केला. पण याची खरी जागा ईमेलच्या सुरुवातीला: ‘जस्ट टू कन्फर्म, द मीटिंग इज ॲट फोर.’ म्हणजे ‘एकदा खात्री करून घेते.’ इथे ओन्ली चालत नाही. ‘ओन्ली टू कन्फर्म’ लिहिणारे बरेच सहकारी माझ्या पाहण्यात आहेत, कारण मनात ‘फक्त कन्फर्म करायला’ चाललेलं असतं.

नेव्हर टू. हाही हेतूचा नाही. जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू अर्विन ८ जून १९२४ ला एव्हरेस्टच्या माथ्याकडे निघाले, ‘नेव्हर टू रिटर्न.’ मॅलरीचा देह सापडला तो १९९९ मध्ये. ‘कधीही न परतण्यासाठी निघाले’ हे मराठीत छापून येतं आणि आता कानाला सवयही झाली आहे. पण त्यात त्यांनी परतायचं नाही असं ठरवल्याचा वास येतो. ‘गेले ते गेलेच’ किंवा ‘गेले ते परतलेच नाहीत’ हे आपल्याकडे तयार असताना उसनं कशाला आणायचं?

इफ ओन्ली टू म्हणजे ‘निदान… तरी’. ‘गो टू द वेडिंग, इफ ओन्ली टू प्लीज युअर मदर’: निदान आईचं मन राखायला तरी लग्नाला जा.

हॅव ओन्ली टू, यासाठी मराठीत जे आहे ते मला मूळ इंग्रजीहून सरस वाटतं. ‘यू हॅव ओन्ली टू आस्क’: तू म्हणायचा अवकाश! ‘तुला फक्त विचारायचं आहे’ हे चूक नाही, फक्त त्यात जीव नाही.

नॉट टू. याच्याकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण नॉटची जागा चुकली तर नाती बिघडतात. ‘ही टोल्ड मी नॉट टू कम’: येऊ नको म्हणाला. ‘ही डिडन्ट टेल मी टू कम’: ये म्हणाला नाही. मामांनी लग्नाला ये म्हटलं नाही, हा रुसवा झाला. येऊ नको म्हटलं, हे वैर झालं. मराठीत ‘नको’ आणि ‘नाही’ असे दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे घोटाळा होत नाही. इंग्रजीत नॉट एकच, म्हणून सगळी मदार त्याच्या जागेवर.

‘टू नॉट कम’ हल्ली बोलण्यात खूप ऐकू येतं. टू आणि क्रियापद यांच्यामध्ये दुसरा शब्द घुसवू नये, असा जुना आग्रह आहे. कँटरबरीचे डीन हेन्री आल्फर्ड यांनी १८६४ च्या आपल्या पुस्तकात या घुसखोरीला हरकत घेतली होती, आणि पुढे शाळामास्तरांनी तो नियमच करून टाकला. आज जाणकार तो पाळतातच असं नाही. तरी नवख्यानं अर्जात, निबंधात ‘नॉट टू’ लिहावं. त्याला कुणी नावं ठेवत नाही.

आपला ‘च’ आणि त्यांचं ओन्ली

‘आय केम टू सी यू ओन्ली.’ हे वाक्य ऐकलं की बोलणारा बहुधा आपल्याकडचा, हे जगभर ओळखतात. कारण आपला ‘च’. तो शब्दाच्या मागून येऊन चिकटतो: तुलाच, कालच, इथेच. आपण तो तसाच उचलून इंग्रजीत ओन्ली म्हणून मागे चिकटवतो. इंग्रजी ओन्ली साधारणपणे पुढे उभं राहतं: ‘आय केम ओन्ली टू सी यू.’

गंमत म्हणजे ओन्लीचं मूळ ‘वन’मध्येच आहे. जुन्या इंग्रजीत ‘एकासारखा, एकटा’ अशा अर्थाचा तो शब्द होता. म्हणजे आपलं ‘एकच’ आणि त्यांचं ओन्ली मनानं शेजारी आहेत, बसण्याची जागा तेवढी उलटी.

पण प्रत्येक ‘च’ म्हणजे ओन्ली नाही. ‘कालच आले’ मध्ये आहे: ‘आय केम ओन्ली यस्टरडे.’ ‘मी इथेच राहते’ मध्ये नाही. दुसरीकडे कुठे राहत नाही, हे सांगायचंच नाहीये, फक्त बोट दाखवायचंय. ‘आय लिव्ह हिअर ओन्ली’ ऐवजी ‘आय लिव्ह राइट हिअर.’ ‘च’ वगळतोय की नुसता जोर देतोय, एवढं आधी स्वतःला विचारा. जोर द्यायचा असेल तर ओन्ली नकोच.

ओन्ली नेमकं कुठे ठेवायचं, यावर इंग्रज स्वतः अडीचशे वर्षं भांडत आहेत. बिशप रॉबर्ट लाउथ यांनी १७६२ च्या व्याकरणात सांगितलं की ते ज्या शब्दाचं आहे त्याच्या शेजारी हवं. तीनच शब्द बोललो असं म्हणायचं असेल तर ओन्ली तीनला चिकटवा, बोललोला नाही. १९२६ मध्ये कोशकार हेन्री फाउलर यांनी इंग्रजीच्या वापरावरच्या आपल्या प्रसिद्ध कोशात असल्या काटेकोरपणाची खिल्ली उडवली. अर्थाचा घोटाळा होत नसेल तर ओन्ली नेहमीच्या जागी, क्रियापदाच्या आधी, राहू द्यावं असं त्यांचं मत. मी फाउलरांच्या बाजूची आहे. बोलताना ‘आय ओन्ली केम टू सी यू’ अगदी सहज, बरोबर आणि प्रेमळ. करारपत्रात, सूचनाफलकावर, परीक्षेत मात्र लाउथ यांचं ऐकावं.

सराव

आठवडाभर रोज एक फजिती वहीत लिहा, आधी मराठीत, मग इंग्रजीत. चहा ठेवला, बघते तर दूध नासलेलं. छत्री घेतली नाही खरी, पण नेमकं तेव्हाच कोसळला. यातलं पहिलं ओन्ली टूमध्ये सहज बसेल. दुसरं बसणार नाही, कारण पाऊस पडणं ही माझी क्रिया नाही. ते का बसत नाही हे स्वतःला समजावता आलं, की पाचवी पायरी पक्की झाली म्हणा.

आणि एक वाक्य मुद्दाम शेवटी ठेवलंय: ‘शी केम बॅक टू पुणे ओन्ली टू लीव्ह अगेन.’ ती पुण्याला परत आली ती पुन्हा निघून जायच्या तयारीनंच, सामान बांधायला, घराची किल्ली द्यायला? की राहायला म्हणून आली खरी, पण पुन्हा जावंच लागलं? इन ऑर्डर घातलं तर वाक्य कोलमडत नाही, तरी मूळ वाक्यात दोन्ही अर्थ उभे राहतात. स्वल्पविराम नाही. क्रियापदही काही सांगत नाही. असं वाक्य आलं की भाषांतर थांबवा आणि आधीचा परिच्छेद पुन्हा वाचा. तिनं येताना किती बॅगा आणल्या होत्या, ते तिथे बहुधा लिहिलेलं असतं.